तेरवीनंतर आलेल्या गोळ्या

"शुगर अठ्ठावीस आहे. आजींना शुगरची गोळी कोणी दिली?" डॉक्टरांनी विचारलं.

कोणीच नाई, मी म्हटलं, माझ्या सासूले शुगरच नाई. डॉक्टर म्हणाले, हा हायपोग्लायसेमिया आहे. म्हणजे रक्तातली साखर एकदम खाली जाणं. घाम सुटतो, माणूस बरळतं, वेळेत साखर नाई मिळाली तर जीवही जातो.

हे सारं मले पाठ आहे. मी आशा सेविका आहे, चामोर्शीकडच्या गावात नऊ वर्षांपासून लोकांले हेच सांगते. आणि सकाळी सासू उपाशीपोटी अंगणात घामाघूम होऊन काहीबाही बोलत होती, तेव्हा मी ऊन लागलं म्हणून तिच्या डोक्यावर पाणी घालत बसले. आहे का अक्कल?

गोळी कुठून आली ते दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर आठवलं. आमच्याकडे माणूस गेलं की तेरवीनंतर त्याची औषधं फेकत नाईत, आशाच्या घरी आणून देतात. "ठेवा बाई, कोनाच्या तरी कामी येईन." मीही कधी नाई म्हटलं नाई. माझा बिस्किटाचा डबा भरत गेला. बीपीच्या, शुगरच्या, तापाच्या, अर्ध्या कापलेल्या, नाव गेलेल्या पट्ट्या. गेल्या महिन्यात वारलेल्या गावातल्या एका भाऊच्या शुगरच्या गोळ्याही मीच त्यात टाकल्या. सासूचा गुडघा दुखत होता. तिनं पांढरी गोळी पाहिली आणि घेतली. सुनेच्या डब्यातली म्हणजे चांगलीच असणार.

दोन दिवस सलाईन चाललं. साखर वर यायची, पुन्हा उतरायची. "या गोळीचा अंमल लांबतो, सलाईन काढता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. दर तासाला बोटाला सुई. माझ्या हातून ही बाई मरते का, एवढंच डोक्यात.

मग मले साऱ्यांचाच राग आला. नर्सताईले विचारलं, घरी उरलेल्या गोळ्या टाकाव्या कुठी? म्हणे, पिवळी पिशवी दवाखान्याच्या कचऱ्याची आहे, तुमच्या घरच्या गोळ्यांची नाई. औषधं देणारा भाऊ म्हणे, आमच्या स्टॉकच्या नसतील तर मी काऊन घेऊ? ओळखीची एक आशा म्हणे, मी तर विहिरीमागच्या खड्ड्यात टाकते. विहिरीमागच्या. आम्हाले ट्रेनिंगमध्ये सुई कुठी टाकायची ते दहादा सांगितलं, गोळीचं एकदाही नाई. मीही कधी हात वर करून विचारलं नाई.

तिसऱ्या दिवशी सासूनं चहा मागितला, साखर जास्त टाकून. मले रडूच आलं. त्या डॉक्टरांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाई.

आशांच्या पुढच्या मीटिंगले डबा घेऊन गेले आणि मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, याचं काय करायचं ते सांगा, तोवर मी उठत नाई. त्यांनी एकदोन फोन केले, शेवटी दवाखान्याच्या कचऱ्यासोबत पाठवायले घेतला. दर महिन्याले आणत जा म्हणाले. आशा बायांनो, तुम्हीही विचारा. उत्तर मिळेपर्यंत उठू नका, आणि असा डबा घरात ठेवू नका.

परवा शेजारची एक बाई तिच्या सासऱ्याच्या तेरवीनंतर गोळ्यांची थैली घेऊन दारात आली. मी तोंड उघडायच्या आधी सासू खाटेवरून म्हणाली, "इथी नोको ठेवू वो बाई, मी खाऊन टाकीन."