पोच आणि पोच्चु

आमच्या घरात बाहेर गेलेल्या माणसाने पोच द्यायची, हा कायदा माझा. अर्ध्या तासावरच्या तिरुनीलक्कुडीला देवळात गेलात तरी पोचल्याचा फोन आलाच पाहिजे, नाही आला तर मी घर डोक्यावर घेतो. मुलीने त्या कायद्याची चेष्टा करून करून तो एका शब्दावर आणला होता. ती पापनाशम्‌च्या शाळेत शिकवते. सकाळी माझी गाडी घेऊन जायची आणि पोचली की फोनवर नुसतं म्हणायची, "अप्पा, पोच." मी "बरं" म्हणायचो आणि कुंभकोणम्‌च्या बसस्टँडजवळच्या माझ्या औषधांच्या दुकानात पुन्हा गिऱ्हाइकांकडे वळायचो.

गाडी जुनी, पण रोज सकाळी मी स्वतः पुसलेली. तिच्यावर ओरखडा दिसला की माझं डोकं फिरतं, हे घरात सगळ्यांना पाठ आहे.

त्या दिवशी नेहमीच्याच वेळेला फोन आला. दुकानात गर्दी होती, एक आजोबा खोकल्याच्या औषधाची चव कशी आहे ते तीनतीनदा विचारत होते. पलीकडून मुलीचा बारीक आवाज आला, "अप्पा, पोच्चु."

"बरं झालं," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

तमिळमध्ये पोच्चु म्हणजे गेलं, संपलं, वाट लागली. दुकानात दिवसभर मी तमिळच बोलतो, पण मुलीचा फोन आला की माझा कान मराठी होतो. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेलो, तरी घरात मराठीच बोलतो. पुण्याचे पाहुणे आमच्या त्या मराठीला हसतात, ती जुनाट वाटते त्यांना. त्या दिवशी त्या मराठीनेच माझा घात केला. पोरगी सांगत होती, गाडी गेली. मी ऐकलं, शाळा आली.

झालं होतं असं, की एक स्कूटरवाला अचानक आडवा आला. त्याला वाचवताना हिची गाडी रस्ता रुंद करायला खणलेल्या खड्ड्यात कलंडली. कशीबशी बाहेर येऊन ती बांधावर बसली आणि पहिला फोन बापाला केला. बाप म्हणाला, बरं झालं. तिला वाटलं, मी इतका संतापलोय की आता नीट ओरडतही नाही, टोमणा मारतोय. तिने पुन्हा फोन केलाच नाही. चहाच्या टपरीवरच्या एका बाईने तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि तिथून त्याच बाईने मला कळवलं. मधला पाऊण तास मी औषधं विकत होतो. त्याची लाज मला अजून वाटते.

पापनाशम्‌पर्यंत रिक्षात मी त्या बाईचं एकच वाक्य घोकत होतो, मुलगी बोलतेय, शुद्धीवर आहे. तरी मधेच वाटायचं, की माझ्या समाधानासाठी सांगितलं असेल. रिक्षावाल्यावर मी दोनदा उगाच खेकसलो.

ती खाटेवर बसली होती. डाव्या हाताला प्लास्टर, केसांत चिखल, कपाळावर टेंगूळ. मला पाहून ती घाईघाईने बोलायला लागली, "अप्पा, रागें भरूं नका. पुढला दिवा फुटला. डावें दार अस्क चेपलें. कांच मात्र आहे."

माझ्या मुलीचा हात मोडला होता आणि ती मला दार सगळं चेपल्याचं सांगत होती.

"तुझें सांगायचें सोडून गाडीचें कां सांगतेस?" मी विचारलं.

"तुम्ही पहिलें तेंच पुसाल म्हणून," ती म्हणाली. त्यात तक्रार नव्हती. रोजच्या माहितीतली गोष्ट सांगावी तसं सांगितलं तिने.

मी तिच्याजवळ बसलो आणि केसांतला वाळलेला चिखल बोटांनी काढायला लागलो. लहानपणी ती अशी माझ्यापुढे बसायची, मोठी झाल्यावर त्या दिवशी पहिल्यांदाच बसली. मला सांगायचं होतं की तू आहेस ना, बाकी काही नको मला. पण असलं बोलायची सवय नाही. तोंडातून निघालं ते एवढंच, "गाडी गेली खड्ड्यांत."

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "तिथेंच आहे कीं, अप्पा," ती म्हणाली आणि हसायला लागली. हसताना हात दुखला म्हणून रडली, आणि नर्स आली तेव्हा रडत मीच होतो.