उलंगवाडीपर्यंत आग नाही

आमच्या कापसावर काजळी पडते हे आधी आडत्याला दिसलं, आम्हाला नाही. अकोटच्या बाजारात त्याने आमच्या गाडीतून मूठभर कापूस उपसला, अंगठ्याने चोळला आणि वडिलांच्या नाकासमोर धरला. पांढऱ्यात बारीक काळे ठिपके होते. "माल चांगला हाये, पण डागी हाये," म्हणाला, आणि पुढच्या गाडीकडे वळला. आमच्या घराण्याच्या कापसाला कोणी नाव ठेवलं, हे वडिलांच्या हयातीत पहिल्यांदाच झालं होतं.

ती वर्षंच कापसाची होती. अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिथला कापूस विलायतेला जाईना, आणि आमच्या काळ्या मातीतल्या आखूड धाग्याच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. माणसांनी परसातली भाजी उपटून पऱ्हाटी लावली. बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या आल्या. मी तेव्हा पंचविशीतला होतो. मला मोडी वाचता येत होती, आणि तेवढ्या जोरावर जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी माझी खात्री होती.

आमचं गाव अकोटच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी. जिथे आमचं शेत संपायचं तिथे डोंगर सुरू व्हायचा. वर अर्ध्या कोसावर कोरकूंची वाडी होती, दहा-बारा झोपड्यांची. मार्गशीर्ष लागला की ते लोक उतारावरचं गवत पेटवून द्यायचे. नेमकी तेव्हाच आमची वेचणी भरात असायची. बोंडं फुटून कापूस झाडावर लोंबत असायचा आणि उत्तरेच्या वाऱ्याबरोबर जळक्या गवताची काजळी खाली उतरायची. पिढ्यान्‌पिढ्या उतरत होती, पण कापसाला भाव आला तेव्हा ती आमच्या डोळ्यांत खुपली.

दुसऱ्या दिवशी मी वर गेलो. वाडीमागचा एकच पट्टा जळून झाला होता, बाकीचा उतार अजून उभा होता. कोरकूंचा म्हातारा पटेल, म्हणजे त्यांचा गावप्रमुख, दारात दोर वळत बसला होता. तो माझ्या वडिलांच्या वयाचा, तरी मी त्याला अरेतुरेच करायचो. आम्ही सगळेच करायचो.

"औंदा आणखी गवत पेटवू नको," मी म्हणालो. "आमचा कापूस काळा होऊन राहिला."

त्याने दोर बाजूला ठेवला. "आता गवत अर्धं ओलं हाये, भाऊ. आता आग चालते. मागून माणूस चालू शकते. चैतात तेच गवत वाळते, मंग आग पयते. पयत्या आगीले कोन अडवन?"

मग त्याने मला बरंच काही सांगितलं. गवत आत्ता जळलं की पंधरा दिवसांत कोवळं फुटतं, चितळं तिथे चरतात, म्हणून खाली तुमच्या शेतात येत नाहीत. तेंदूला नवी पानं येतात. मोहाखालची जमीन मोकळी राहते, म्हणजे फुलं पडली की बायकांना वेचता येतात. कोवळी रोपं जळतात, पण मुळं जिवंत राहतात आणि पावसात पुन्हा उठतात. तो सांगत होता आणि मी ऐकून घेत होतो, म्हणजे त्याचं बोलणं संपायची वाट पाहत होतो. आडाण्याचा गाडा वाटेवर चालत नाही असं आमच्याकडे म्हणतात. मी त्याला आडाणी समजत होतो.

"ते काही नाही," मी म्हणालो. "आमची उलंगवाडी होईस्तोवर आग नाही. पेटवली तर खाली वेचणीले यायचं नाही, अन् मीठ-ज्वारीबी मागायची नाही."

मीठ डोंगरात पिकत नाही. हे मला ठाऊक होतं, म्हणूनच मी ते बोललो. म्हाताऱ्याने दोर परत हातात घेतला आणि म्हणाला, "बरं."

उलंगवाडी म्हणजे वेचणीचा शेवट. शेवटचा कापूस निघाला की शेत मोकळं होतं, मग त्यात कोणाचीही गुरं शिरली तरी चालतात. एरवी ती पौषाच्या आसपास व्हायची. पण भाव असा होता की आम्ही किडकी, अर्धवट उमललेली बोंडंसुद्धा सोडत नव्हतो. त्या वर्षी आमची उलंगवाडी फाल्गुनात झाली. मी वर निरोप धाडला, की आता खुशाल पेटवा. म्हाताऱ्याचं उत्तर आलं, "आता नाई. आता येळ गेली." मला त्याचा राग आला. मुभा दिली तरी नखरे करतो, असं वाटलं.

त्या वर्षीचं गवत तसंच उभं राहिलं. पावसात त्यात नवं वाढलं. पुढच्या मार्गशीर्षात मी पुन्हा तोच हुकूम सोडला, तोवर ते माणसाच्या छातीला लागत होतं. डोंगरावर कोवळं काही उरलं नाही म्हणून चितळांचे कळप आमच्या शेतात उतरू लागले, आणि आम्ही राखणीला माणसं ठेवली. मागच्या हंगामात मोहाची फुलं गवतात पडून अर्धी कुजली होती, असं वेचणीला येणाऱ्या कोरकू बायका सांगायच्या. कोरकूंचं दोन-तीन महिन्यांचं पोट त्या फुलांवर चालतं. मी ऐकायचो आणि त्यांच्या ओटीतला कापूस पांढरा आहे ना ते पाहायचो. पांढराच असायचा. आडत्याने वडिलांना स्वतःच्या गादीवर बसवलं होतं.

चैत्राच्या तोंडाशी मोह फुलायला आला. दुसरंही वर्ष फुकट गेलं तर वाडी उपाशी राहणार होती, म्हणून म्हाताऱ्याने एकेका झाडाखालचं गवत विळ्याने कापून काढलं आणि राहिलेला पालापाचोळा पहाटेच्या गारव्यात थोडा थोडा जाळायला घेतला. माणसं हिरव्या फांद्या घेऊन भोवती उभी होती. पाच झाडं नीट झाली. सहाव्याला वारा उठला.

आग चार दिवस चालली. नरनाळ्याच्या किल्ल्याखालचा डोंगर सबंध काळा झाला. आमच्या अंगणात राख पडत होती आणि आमचा सगळा कापूस केव्हाच बाजारात पोचला होता. वडील म्हणाले, "बरं झालं, आपला माल आधी निघाला." मीही मान हलवली. ती मान हलवल्याची मला आजही शरम वाटते.

आगीत सरकारी साग जळला. तेव्हा रेल्वेचं काम चालू होतं, लाकडाला मागणी होती, आणि जंगलावर सरकारचा नवा पहारा बसला होता. तहसीलदार चौकशीला आले आणि आमच्याच गावच्या चावडीत बसले. म्हाताऱ्याला पुढे उभं केलं. आम्ही गावातले चार प्रतिष्ठित भिंतीशी सतरंजीवर होतो.

"आग कोणी लावली?"

"मी," म्हातारा म्हणाला.

"दरसाल तुम्ही मार्गशीर्षात लावता म्हणे. मग या वर्षी चैत्रात काहून?"

म्हाताऱ्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तहसीलदारांनाही ते दिसलं असावं, कारण त्यांचीही नजर माझ्याकडे आली. मी सतरंजीचा सुटलेला दोरा ओढत बसलो. मला भीती वाटत होती. कशाची ते नीट सांगताही येत नाही. तुरुंगाची, वडिलांची, गावात हसं होण्याची, सगळ्याचीच. माझ्या मनात वाक्य तयार होतं. मी दोरा आणखी ओढला.

"राहून गेलं," म्हातारा म्हणाला.

त्याला सहा महिने अकोल्याच्या तुरुंगात पाठवलं.

वैशाखात मी वर गेलो. का गेलो कोणास ठाऊक. म्हाताऱ्याची बायको जमिनीतून कंद उकरत होती. ती उठून चालू लागली, आणि मी तिच्या मागे गेलो. तिने मला मोहाची झाडं दाखवली. दरसालच्या आगीने खोडाला नुसता धूर लागायचा. या वेळी दोन वर्षांचं गवत बुंध्याशी जळत राहिलं होतं, आणि साल भाजून आतून सुटली होती. तिने बोटाने वाजवली तर पोकळ आवाज आला. काही झाडं अजून हिरवी दिसत होती. "हे बी मरन," ती म्हणाली. "याले अजून मालूम नाई."

मी विचारलं, पुन्हा नाही का लावता येणार?

"तुमी आंबे लावता. आमी मोह लावत नाई, राखतो. हे माह्या आजेसासूनं राखले."

मी माती उकरून पाहिली. विटेच्या भुग्यासारखी लाल झाली होती, आणि तिच्यात एक मुंगीही नव्हती. पावसाळ्यात तीच माती ओढ्याने खाली आली आणि आमच्या वरच्या शेतात पोटरीएवढा गाळ साचला. वडिलांनी पावसाला शिव्या घातल्या. पाऊस दरवर्षीएवढाच होता.

दसऱ्यानंतर म्हातारा सुटून आला. खंगला होता, पाठीत वाकला होता. मी त्याच्यासमोर जायला मार्गशीर्ष उजाडू दिला. गेलो तेव्हा तो दारातच होता, पण हातात दोर नव्हता.

"औंदा पेटवा," मी म्हणालो. "आमचा कापूस राहू द्या."

"मी नाई पेटवत. माह्या हातानं लागली तर मले पुन्हा नेतीन. तूच पेटव, भाऊ. मी सांगतो कसं."

दव उडेपर्यंत आम्ही उतारावर बसून राहिलो. मग त्याने मला वाऱ्याच्या उलट बाजूने, वरून खाली येत पेटवायला लावलं. आधी ओढ्याकाठचा पट्टा, मग मधला. जगल्या-वाचल्या मोहांभोवती आधीच मोकळी जागा करून घेतली होती. चकमक झडली, गवताने पेट घेतला, आणि खरंच आग चालत गेली. गुडघ्याएवढी होती. ओलं गवत आलं की आपणच विझायची. तो म्हणाला, "हात ठेव." मी मागच्या राखेत तळवा टेकला. चुलीवरून उतरवलेल्या तव्याखालची जमीन असते तेवढीच ती कोमट होती. दोन वर्षांपूर्वी याच माणसाने मला हेच सांगितलं होतं आणि मी त्याचं बोलणं संपायची वाट पाहिली होती. संध्याकाळी घरी गेलो तेव्हा आमच्या कापसावर काळे ठिपके होते आणि वडील मला वाटेल ते बोलले. मी ऐकून घेतलं. ते बरंच वाटलं, खरं सांगायचं तर.

पंधरा दिवसांनी काळ्या उतारावर बोटभर हिरवं आलं. मी आणि म्हातारा ते बघत उभे होतो, पलीकडे दोन चितळं चरत होती. तेवढ्यात जंगलाचा जमादार चढून आला. जळकी जमीन पाहून त्याने माझ्याकडे लक्षही न देता सरळ म्हाताऱ्याचं मनगट धरलं.

"सुटून आला न आला, अन् पुन्हा तेच? चल."

"सोडा त्यांना," मी म्हणालो. "मी पेटवली. माह्या हातानं. अन् मागच्या दोन वर्षी यांनी येळेवर पेटवली नाही, तेबी माह्यामुळंच. मी मना केलं होतं."

म्हाताऱ्याच्या जागी मला अकोल्याला नेतील, वडिलांची पगडी धुळीला मिळेल, या सगळ्याची तयारी करून मी ते बोललो होतो.

जमादाराने माझ्या अंगरख्याकडे पाहिलं, मग ओळख पटून तोंडाकडे. मनगट सोडलं. "तुमी होय," म्हणाला आणि हसला. "मंग पयले नाही का सांगायचं? तुमच्या घरच्यायले कोन काय म्हणते." त्याने प्यायला पाणी मागितलं, पाणी पिऊन रामराम केला आणि उतरून गेला. कागद नाही, चौकशी नाही.

म्हातारा मनगट चोळत तो दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिला. मग माझ्याकडे वळला.

"चैतात चावडीत बी येवढंच बोलाचं होतं, भाऊ," तो म्हणाला.