दोघांपुरती गाडी

कुठलीही वस्तू समोर आली की काका आधी तिच्यावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करायचे आणि मान कलती करून ऐकायचे. कलिंगड असो, गाडीची बॅटरी असो, की डॉक्टरांच्या टेबलावरची काच. ऐकून झालं की म्हणायचे, "उघडल्याशिवाय कसा कळतला?" आणि मग ती वस्तू उघडली जायचीच. घरातलं घड्याळ, मिक्सर, शेजाऱ्यांचा पंप, सगळं त्यांच्या ओट्यावर एकदा तरी उताणं पडून गेलं होतं. परत जोडताना एखादा स्क्रू उरला, तर कंपनीने जास्तीचा दिला असं सांगून ते तो खिशात टाकत.

तुमच्याही आळीत असा एखादा माणूस असेल. नसेल तर तुमच्या आळीतली यंत्रं सुखात आहेत एवढंच म्हणतो.

मालवणात भरड नाक्यावर माझं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. आमच्या आळीतले हे काका बोटीवर इलेक्ट्रिशियन होते. मालवाहू जहाजावर, पण आमच्याकडे जहाजालाही बोटच म्हणतात. निवृत्त होऊन घरी आल्यावर ते एका मित्राकडे फायबरच्या होड्या दुरुस्त करायला जाऊ लागले, आणि तिथून परतताना माझ्या दुकानातल्या स्टुलावर टेकायचं हा त्यांचा नेम झाला. दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या खासगी गोष्टींत नाक खुपसू नये म्हणतात. मला ते कधी जमलं नाही, आणि काकांसारखं गिऱ्हाईक असेल तर जमवायची गरजही पडत नाही. ते स्वतःच सगळं सांगत.

त्यामुळे ती लाल गाडी जेव्हा आली तेव्हा मला जरा रागच आला. कारण तिच्याबद्दल त्यांनी आधी अवाक्षर काढलं नव्हतं. गोव्यातून जुनी स्पोर्ट्स कार घेऊन आले. इतकी बुटकी, की शेजारी उभी राहिलेली म्हैस वरून आत बघू शकेल. गतिरोधक आला की काका खाली उतरत, सोबत ठेवलेल्या दोन फळ्या मांडत, गाडी पलीकडे नेत आणि फळ्या उचलून पुन्हा आत ठेवत. सगळं मालवण हसत होतं. मीही हसलो.

गाडीत सीट दोनच. एवढ्या मोठ्या घराला असली गाडी कशाला, असं मी विचारलं. काका बॉनेटवर टकटक करत म्हणाले, "तिसऱ्याक जागा नाय म्हणान घेतलंय."

हे कळायला त्यांचं घर माहीत असायला हवं, आणि ते मला माहीत होतं. तीन भाऊ, तिघांच्या बायका, मुलं, म्हातारे आईवडील, अधूनमधून माहेरी आलेल्या बहिणी. काका वर्षातून एकदा रजेवर येत. देवदर्शनाला जायचं तर भाड्याच्या गाडीत सगळं घर कोंबलेलं. काका पुढे ड्रायव्हरजवळ, काकी अगदी मागे, मांडीवर कुणाचं तरी पोर. बोटीवरून फोन आला तर तो सासऱ्यांच्या खुर्चीशेजारी, बैठकीच्या खोलीत, सगळ्यांच्या कानांदेखत. काकी त्यावर 'बरी आसंय' एवढंच बोलत आणि फोन पुढच्या माणसाकडे देत. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दोघंच अशी कधी कुठे गेली नव्हती. आता एकदा तरी जायचं, हे काकांच्या मनाने घेतलं होतं.

गाडीच्या पुढच्या दिव्यांवरची प्लॅस्टिकची काच पिवळी पडली होती. तेवढी चकचकीत केली की झालं, असं काकांना वाटलं. होडीच्या फायबरला ठिगळ लावायचं तर ते आधी ॲसिटोन नावाच्या जहाल द्रवाने पुसतात. तेच फडकं, तीच बाटली घेऊन काकांनी दोन्ही काचा घासघासून पुसल्या. संध्याकाळपर्यंत त्यांच्यावर बारीक तड्यांचं जाळं उमटलं. मग सवयीप्रमाणे ते टकटक करायला गेले, आणि डावीकडची काच आरपार तडकली.

काकी दारात उभ्या राहून बघत होत्या. मी तिथेच होतो. गाडीत बसायला त्यांचा आधीपासून नकार होता. या वयात लाल गाडीतून मिरवायचं म्हणजे लोक काय म्हणतील, हे एक, आणि गुडघे दुखतात, हे दुसरं. आता त्यांना तिसरं कारण मिळालं. "फुटक्या डोळ्यांच्या गाडयेत मी बसूचंय नाय," एवढं म्हणून त्या आत गेल्या. मला तो सरळसरळ नकार वाटला. काकांनी मात्र ती अट आहे असं धरलं आणि खूश झाले.

वेळ फारसा नव्हता. डॉक्टरांनी हृदयाचं काहीतरी दुखणं सांगितलं होतं, आणि काकांनी आता गाडी चालवायची नाही असं पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलाने ठरवलं होतं. मे महिन्यात तो येणार होता, गाडी विकूनच परत जाणार होता. काका मुलाशी वाद घालत नव्हते. त्यांना एकच फेरी हवी होती.

मी चार ठिकाणी फोन लावले. सगळीकडे एकच उत्तर: नुसती काच मिळत नाही, आख्खा दिवा बदलावा लागेल, आणि तोही परदेशातून मागवावा लागेल. किंमत ऐकून मी फोन कानापासून लांब धरला. तेवढ्यात इंजिनासकट होडी आली असती. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "चष्म्याची काच फुटली तर डोळो बदलतंत काय रे?"

मग ते मोबाइल घेऊन बसले. आठवडाभर दुकानात दुसरा विषय नाही. शेवटी नुसत्या काचा बनवून विकणारा कुणीतरी त्यांनी शोधून काढला. भाव आपल्याला झेपेल असा होता, म्हणून मला संशय आला, आणि तो अगदीच खोटा ठरला नाही. पार्सल आलं त्यात दोन्ही काचा डाव्या बाजूच्या निघाल्या. एक परत पाठवून उजवी यायला आणखी दिवस गेले. काका रोज कुरियरवाल्याची वाट बघत माझ्या दुकानात बसून राहत आणि मी रोज त्यांना दोन डाव्या चपलांवरून चिडवत असे.

जुनी काच दिव्याला डिंकासारख्या घट्ट चिकटपट्टीने बसवलेली असते. ती ऊब दिल्याशिवाय सुटत नाही. काकांनी आधी भाचीचं केस वाळवायचं यंत्र लावून पाहिलं. यंत्र तापून बंद पडलं, दिवा तसाच. मग त्यांना बेकरी आठवली. सकाळचे पाव निघाल्यावर भट्टीत जी ऊब मागे राहते तेवढीच आपल्याला पुरे, असं त्यांचं म्हणणं. बेकरीवाल्याने आधी हात जोडले. मग काकांनी त्याला भट्टीतल्या हवेविषयी इतके प्रश्न विचारले, की त्याचं त्यालाच कुतूहल वाटू लागलं. पहिल्यांदा माझ्या दुकानातला स्कूटरचा मोडका दिवा आत घातला. तो वितळून त्याची भाकरी झाली. मग भट्टी आणखी निवू दिली, पुठ्ठ्यावर ठेवून खरा दिवा आत सरकवला, आणि आम्ही तिघं दाराशी उकिडवे बसलो.

बाहेर काढून पेचकसाने कड उचलली, तर चिकटपट्टी पाकाच्या तारेसारखी लांबत सुटून आली. काकांचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा होता. दुसऱ्या दिवशी दोन गिऱ्हाइकांनी पावाला कसला वास येतोय म्हणून विचारलं. बेकरीवाल्याने मैदा नवीन आहे असं सांगितलं.

नव्या काचा बसल्या. पण होडीची सवय कुठे जाते? होडीला भोक दिसलं की बुजवायचं. काकांनी दिव्याच्या मागची सगळी बारीक भोकं होडीला लावतात तो मसाला भरून बंद केली आणि दिवे पाण्याच्या टपात बुडवून पाहिले. थेंब आत गेला नाही. गाडीला लावून पेटवले, तर दहा मिनिटांत काचांवर आतून वाफ धरली. पुसायला आत हात जात नाही. पुन्हा भट्टी, पुन्हा बेकरीवाला. दुसऱ्यांदाही तेच. एप्रिल अर्धा उलटला होता. त्या दिवशी मी काकांना पहिल्यांदा हताश झालेलं पाहिलं. टकटक नाही, नुसते ओट्यावर बसून होते.

काकी सुपात तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मोदकाच्या भांड्याक पण वाफ जावक वाट लागता. तुमी सगळी भोका बुजवलात, ती भायर कशी पडतली?"

काका पेचकस घेऊन उठले. भोकं त्या दिवशीच मोकळी झाली. काचा स्वच्छ राहिल्या. काकी सूप बाजूला ठेवून खाली उतरल्या, दोन्ही दिव्यांसमोर वाकून त्यांनी आत डोकावून पाहिलं, आणि विचारलं, "आता?" एवढाच शब्द. मला वाटतं, मी तेव्हा तिथून निघून जायला हवं होतं. पण गेलो नाही.

दोन दिवसांनी दुपारी चारला लाल गाडी माझ्या दुकानासमोरून गेली. काकी आत बसल्या होत्या, मांडीवर डबा आणि पाण्याची बाटली. दोघांनीही माझ्याकडे बघायचं टाळलं. गतिरोधकावर काकांनी फळ्या मांडल्या, आणि पलीकडून काकींनी उतरून त्या उचलल्या. गुडघे दुखत असताना.

अंधार पडला तरी त्यांचा पत्ता नव्हता. घरची माणसं दोनदा विचारून गेली. दुकान बंद करायच्या वेळेला दोन पांढरेशुभ्र झोत भरडावर आले आणि घराच्या वाटेला वळले. कुठे गेले होते यावर आळीत बरेच दिवस तर्क चालले. कुणी गोवा म्हणे, कुणी कुणकेश्वर. मी काकांना विचारलं. इंजिनातल्या बारक्या नळीचीही कहाणी सांगणारा हा माणूस नुसता हसला आणि दुसऱ्याच विषयावर गेला. ते माझ्या मनाला फार लागलं.

मे महिन्यात मुलगा आला आणि गाडी विकली गेली. त्यानंतरच्या शिमग्याआधी काका गेले. झोपेतच गेले. त्यांचं स्टूल मी बरेच दिवस कुणाला वापरू दिलं नाही. नवीन माल आला की खोका फोडताना कुणीतरी आधी तो वाजवून बघायला हवा असं वाटत राहतं. मला त्यांची फार आठवण येते.

परवा काकी बाजारातून परतताना गुडघा धरून दुकानाच्या पायरीशी थांबल्या. मी तेच स्टूल पुढे केलं. पाणी दिलं. आणि इतके दिवस पोटात ठेवलेला प्रश्न शेवटी विचारलाच. "काकी, त्या दिवशी तुमी खंय गेलेलात?"

"खंयच नाय," काकी म्हणाल्या. "आचऱ्याच्या वाटेर, दर्या दिसता थंय गाडी लावली आणि बसलंव. मी बोलत होतंय, हे आयकत होते. इतक्या वर्षांचा सगळा. गाडयेत दुसरा कोण आयकूक नव्हता ना."

मी म्हटलं, घरचे केवढे काळजीत होते.

"यांका दिवे लावन बघूचे होते. म्हणान काळोख पडापर्यंत थांबलंव." काकींनी पाण्याचा घोट घेतला. "काळोख पडलो, यांनी दिवे लावले. समोर सगळा लखलखीत. आणि माका रडूक इला. माझा सांगान अजून संपूक नव्हता."

"मग?"

"मग काय," पिशवी उचलत काकी म्हणाल्या, "यांनी दिवे परत बंद केल्यानी."