ब्रेकला वंगण

मी शाळेत विज्ञान शिकवतो. सातवीला घर्षण शिकवताना सायकलच्या ब्रेकचं उदाहरण देतो. रबर रिमला घासतं म्हणून चाक थांबतं, असं फळ्यावर काढून दाखवतो आणि ज्याला कळत नाही त्याच्यावर खेकसतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझी कीव करायला नको.

आमची गाडी जुनी, दुसऱ्याच्या हातची घेतलेली. मार्चमध्ये ब्रेक दाबला की पुढची चाकं किंचाळायला लागली. नेमके त्याच आठवड्यात वडील मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तयार झाले होते. एका डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, दुसराही धूसर झालेला, तरी दोन वर्षं 'चाललंय की' म्हणून टाळत होते. शेवटी मंगळवारी नांदेडला जायचं ठरलं, तेही एका अटीवर: गाडी घरची आणि चालवायची मी. मंगळवार हुकला तर हा माणूस पुन्हा हो म्हणणार नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

बायको म्हणाली, "वसमतला गॅरेजवर टाका अन् मोकळे व्हा." गेलो. गॅरेजवाल्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, चाकाला हातही न लावता "पॅड गेले सर" म्हणाला आणि मजुरी सांगितली. किती वेळ लागतो, मी विचारलं. "तासभर." माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मी मनातल्या मनात माझा पगार तासांवर भागून पाहिला. माझाच तास महाग निघाला, तरी राग काही गेला नाही.

"चार नट खोलायचे, दोन बोल्ट काढायचे, त्यात काय एवढं?" मी म्हणालो.

"काईच न्हाई सर," तो म्हणाला. "तुमीच करा मग."

त्यानं हे इतक्या शांतपणे म्हटलं, की आता करून दाखवणं भागच होतं. तिथूनच पॅड घेतले, पान्यांचा संच घेतला, पिस्टन मागं दाबायचा शिकंजा घेतला. सगळं मिळून मजुरीच्या वर गेलं. बायकोला मी फक्त पॅडचं सांगितलं आणि बाकीचं सामान डिकीत स्टेपनीखाली दडवलं.

रविवारी सकाळी अंगणात जॅक लावला. शिजवलेली हळद अंगणभर वाळत पडली होती. गोठ्यापासून लिंबाच्या झाडापर्यंत आमचं अंगण उताराचं. लिंबाखाली बाज टाकून वडील काठी घेऊन शेळ्या राखत बसले होते. मी मोबाइलवर हिंदी व्हिडिओ लावला. त्यातल्या माणसाचा नट बोटानं निघत होता. माझा नट पान्यावर उभा राहून उड्या मारल्या तेव्हा हलला. पहिल्या चाकानं सकाळ खाल्ली. दुसऱ्या चाकापर्यंत माझ्या हाताची सालं निघाली होती आणि तोंडून वर्गात न शोभणारे शब्द निघत होते. "लेकरं ऐकून राहिली शेजारची," बायको ओट्यावरून म्हणाली. मी म्हटलं, ऐकू दे, शिकतील काहीतरी.

मग ग्रीस आलं. व्हिडिओतल्या माणसानं बोटाच्या टोकाएवढं घेऊन दोन पिनांना लावलं. मला त्याच्या कंजुषीचं हसू आलं. आमच्या घरात वंगणाला कधी हात आखडला नाही. बैलगाडीचा आस असो की हळद पॉलिश करायचा ड्रम, जे कुरकुरेल त्याला वंगण, हे वडिलांनी मला बाराखडीच्या आधी शिकवलंय. इथं तर तक्रारच किंचाळण्याची! नवे पॅड हाताला कोरडे, खरखरीत लागले. मी त्यांना दोन्ही अंगांनी जाडसर माखलं. ज्या तबकडीला ते चावतात, तिलाही सोडलं नाही. व्हिडिओत तेवढ्यात जाहिरात आली. पुढचं बघायची मला गरज वाटली नाही.

चाक हातानं फिरवून पाहिलं. चूं नाही की चां नाही. माझी छाती फुगली.

"ये इकडं, ऐक!" मी बायकोला ओरडलो.

"काय ऐकू? काईच तर वाजंना."

"तेच तर!"

गोठ्यापासून गाडी काढली. उतारावर जरा पळू दिली आणि ऐटीत ब्रेक दाबला. गाडीनं तो मनावरच घेतला नाही. पुन्हा दाबला. किंचित अडखळली आणि सरळ हळदीत शिरली. चाकांखाली हळकुंडं गोट्यांसारखी घरंगळायला लागली. समोर बाज, बाजेवर वडील, तोंड माझ्याकडंच. हॉर्न वाजवायचंही सुचलं नाही मला, हो! कुणास ठाऊक कसा, पण हात हँडब्रेकवर गेला आणि मी तो उपटून काढल्यासारखा ओढला. गाडी घसटत गेली आणि थांबली. उतरून पाहिलं तर बाजेचा पाय आणि बंपर यांच्यात वीतभर जागा.

वडील जागचे हलले नव्हते. "येवढ्या जवळ काहून आणली रे?"

"तुमाला बसायला सोपं पडावं म्हणून, दादा," मी म्हणालो.

सोमवारी गाडी वसमतला न्यायची हिंमत नव्हती, म्हणून गॅरेजवाल्यालाच बोलावलं. त्यानं पॅड काढला, त्यावरून बोट फिरवलं आणि ते बोट बराच वेळ बघत राहिला.

"सर, हे कुणी लावलं?"

"आहे एक ओळखीचा."

"त्याच्याकडं परत जाऊ नका. मागचे ब्रेक अन् हँडब्रेक होते म्हणून वाचलात."

ते पॅड वाया गेले. त्यानं तबकड्या धुऊन पुसून नवे पॅड घातले, आणि खरंच तासाभरात घातले. मजुरी अधिक येण्याजाण्याचं भाडं मी निमूट दिलं. मंगळवारी आम्ही नांदेडला गेलो. ऑपरेशन झकास झालं.

आठवड्यानं वडील काळा चष्मा लावून पुन्हा त्याच बाजेवर बसले. मी चहा घेऊन गेलो. हळद अजून अंगणातच होती, आणि तिच्यात चाकांच्या दोन पट्ट्या चेचलेल्या, थेट बाजेपर्यंत. वडील त्यांच्याकडं बघत होते.

"ब्रेक लागंना झाला व्हता न्हाई का त्या दिशी?"

मी चहा बाजेवर ठेवला.

"दिसत व्हतं मला. येवढी पांढरी गाडी अंगावर येऊन राहिली, ती बी दिसणार न्हाई व्हय?"

"मग उठला काहून नाही, दादा?" माझा आवाज चढला. मला त्यांचाच राग आला होता.

"तू व्हतास ना आत," ते म्हणाले, आणि हळदीत शिरणाऱ्या शेळीवर त्यांनी काठी उगारली.

आत तो 'ओळखीचा' बसला होता, हे फक्त मला आणि गॅरेजवाल्याला माहीत होतं.