बसण्यासाठी नेमलेला दीर

तुमच्या कामाच्या जागी खुर्चीवर कोण बसतं आणि उभं कोण राहतं, हे कधी डोळे उघडून पाहिलंय का?

आमच्या गल्लीच्या टोकाला मोज्यांचा कारखाना आहे. यंत्रातून मोजे सुटे पडतात आणि बायका लांब टेबलाशी उभ्या राहून, मापाला माप, रंगाला रंग बघून त्यांच्या जोड्या लावतात. पुरुष इस्त्रीच्या यंत्रावर, खुर्च्यांवर बसून. यंत्राचं काम जड, म्हणून खुर्ची, असं सांगतात. एकदा माणसं कमी पडली तेव्हा बायकांना यंत्रावर लावलं आणि पुरुषांना टेबलाशी. लगेच खुर्च्याही टेबलाशी आल्या. का? तर जोड्यांचं काम किचकट. खुर्चीला पाय असतात हे ठाऊक होतं. कुणाच्या मागे चालायचं हेही तिला कळतं, ते तेव्हा समजलं.

त्या टेबलाशी जोडीमावशी उभी असते. लग्न होऊन इथे आली तेव्हापासून उभीच. गुडघे सुजून मडक्याएवढे झाले. डॉक्टर म्हणाले, बसून काम करा, नाहीतर अंथरूण धराल. ती मॅनेजरकडे गेली.

"बायकांना उभं राहायची सवय असते," मॅनेजर म्हणाला. "या बाजूला खुर्ची फक्त मुकादमाला."

पुढे मुकादम म्हातारा होऊन घरी बसला. काम मावशीलाच येत होतं, तेव्हा नाइलाजानं तिला मुकादम केलं. इस्त्रीवाले खवळले. बाईनं बसून हुकूम सोडायचे आणि आम्ही ऐकायचे? मॅनेजरनं डोकं लढवलं: मुकादमकी मावशीची, खुर्ची तिच्या दिराची. दीर तसा घरी माश्याच मारत होता. त्याला बसायला कामावर घेतलं.

मग रोज हाच तमाशा. इस्त्रीवाला येऊन दिराला विचारी, "मुकादम, हा ढीग आधी घेऊ का तो?"

दीर मान वळवी. "वहिनी, कुठला गं?"

"करडा," मावशी उभ्या उभ्या सांगे.

"करडा," दीर म्हणे.

"याला म्हणतात नजर," इस्त्रीवाला मान डोलवत जाई.

घरी सासू त्याच लेकाची पाठ चोळायची. "दिवसभर बसून कंबर धरली गं पोराची. सूनबाई, पाणी तापव." नवऱ्याचं म्हणणं, तो खुर्ची सांभाळतो म्हणून तुझं बरं चाललंय.

हे ऐकून माझं टाळकं सटकलं. मी थेट मॅनेजरच्या खोलीत.

"तिला बसू द्या की."

"आज ती बसली तर उद्या सगळ्या बसतील."

"मग बसू देत."

"अहो, मग उभं कोण राहणार?"

त्याच्या चेहऱ्यावर खरी काळजी होती. जणू कुणी उभं राहिलं नाही तर छप्पर खाली येईल.

परवा दीर तापानं आजारी पडला. मॅनेजरनं त्याचा कोट मागवून खुर्चीच्या पाठीला अडकवला. इस्त्रीवाले कोटाला विचारू लागले, मावशी उत्तर देऊ लागली, आणि कोटाचं चांगलं नाव झालं. हा निदान झोपत नाही, असं ते आपसात म्हणाले.

आज दुपारी मावशीचा गुडघा वाकला तो सरळ होईना. ती लंगडत गेली आणि कोटाला टेकून खुर्चीत बसली. मॅनेजर धावत आला.

"मावशी, उठा. कोट चुरगळतोय."

"इस्त्रीवाले आहेत ना," ती म्हणाली. "बसलेलेच आहेत."

ती उठली नाही. बसल्या जागेवरून करडा, निळा सांगत राहिली. सगळ्यात आधी भडकल्या कोण, तर टेबलाजवळच्या बायका. "आम्ही काय पाप केलं? आम्ही उभ्या आणि ही महाराणी?" मॅनेजरनं हे अचूक हेरलं आणि जाहीर केलं, बायकांच्यात भांडणं नकोत, म्हणून उद्यापासून टेबलाच्या बाजूला खुर्चीच नसेल.

मी त्या बायकांशी आत्ताच बोलले. राग मावशीवर नाही, पायांवर आहे. खुर्ची मिळाली तर आम्हीही बसू, असं त्यांनीच कबूल केलं. मावशी उद्या सकाळी कामावर जाणार आहे. उभी राहणार नाही म्हणते, मग भले कामावरून काढोत.

तेव्हा भाषणं नकोत, सहानुभूती नको. सकाळी कारखान्याच्या फाटकाशी या आणि घरातली एक खुर्ची आणा. डुगडुगती चालेल, हात तुटलेली चालेल. फक्त एवढं करा, ती एखाद्या बाईच्या हाती द्या, आणि त्या खुर्चीवर बसायला घरचा माणूस सोबत पाठवू नका.