बाहेर पडल्यावर आणून द्या

आधीच सांगून ठेवतो, चहाचा घोट तोंडात असताना हसला आणि शर्टावर सांडला तर मी जबाबदार न्हाय. कारण मी जो घोळ घातलाय तो आजवर फक्त आमच्या घरात, आमच्या गल्लीत आणि एका अख्ख्या हॉस्पिटलात माहिती हाय. म्हंजे तसा कुणालाच न्हाय!

माझा धंदा मोटार रिवायंडिंगचा. विहिरीच्या मोटारी, बोअरच्या मोटारी, जळलेल्या, बुडालेल्या, सगळ्या माझ्याकडं. कुठलंबी यंत्र हातात द्या, कागद न वाचता चालवून दाखवतो. लोक म्हणत्यात, अण्णांचा हात लागला की मोटार फिरलीच. आता असं रोज ऐकल्यावर माणसाला माज येणार का न्हाई?

तर गेल्या वर्षी मला दम लागायला लागला. दुकानाच्या तीन पायऱ्या चढलो की तिथंच बसायचो. रक्त तपासलं तर रक्तच कमी. बाटली चढवली, परत कमी! वरनं दुर्बीण घातली, खालनं दुर्बीण घातली, काय सापडंना. डॉक्टर म्हणाले, "रक्त मधल्या आतड्यात कुठंतरी झिरपतंय. तिथं दुर्बीण पोचत नाही. आता कॅप्सूल गिळायची. तिच्यात कॅमेरा असतो, ती आतनं फोटो काढत जाते."

ऐकायला गंमत वाटते. पण आमचे वडील पोटाच्याच दुखण्यानं गेलेले. शोभा, म्हंजे आमची मंडळी, त्या दिवसापासनं माझ्याशी भांडायचीच थांबली. तीस वर्षांत पहिल्यांदा! चहात साखर जास्त पडली म्हणून मी बोललो, तर म्हणाली, "दुसरा करून देते." अवो, मला रिपोर्टापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटायला लागली.

सोमवारी सकाळी उपाशीपोटी गेलतो. शोभाला बाहेर बसवलं. तपासणीवाल्या मॅडमनी माझ्या पोटाला पट्टा बांधला, पट्ट्याला खिशात मावंल असं एक दिवेवालं यंत्र लटकवलं. मग डबी उघडली. आत मोठ्या शेंगदाण्याएवढी कॅप्सूल, आणि ती लुकलुकायली की! मॅडमनी ती माझ्या तोंडापुढं धरली, आणि पाण्याच्या घोटाबरोबर गिळली एकदाची.

मॅडम पुढचं सांगायला लागल्या आणि नेमका माझा फोन वाजला. राधानगरीचं गिऱ्हाईक. "पावणं, मोटार कवा देतायसा? भात वाळाय लागलंय!"

एका कानात मोटार, एका कानात मॅडम. मॅडमचं माझ्या डोक्यात शिरलं ते एवढंच: "कॅप्सूल आपोआप बाहेर पडेल, लक्ष ठेवा… चुंबकापासून लांब राहा… आणि काका, जपून परत आणून द्या हं, सगळे फोटो त्यातच असतात."

काय परत आणून द्यायचं, तेवढा शब्द राधानगरीच्या मोटारीनं खाल्ला. मॅडमनी छापील कागदबी दिलेला. मी घडी घालून खिशात घातला. कागद वाचून यंत्र चालवणारा मी न्हवं!

घरी आल्यावर शोभानं विचारलं, "ह्ये पट्ट्याला काय लटकवलंय?"

"चार्जर," मी म्हटलं.

"चार्जर?"

"व्हय. आत कॅमेरा फिरतोय, त्याला पावर नको? ती हितनं जाते. बिनतारी."

शोभानं माझ्याकडं असं कौतुकानं बघितलं म्हणता! संध्याकाळी पट्ट्याचा दिवा विझला. चार्जरचं काम संपलं. मी तो काढला आणि कपाटाच्या खुंटीला अडकवला.

आणि मग सुरू झालं वाट बघणं.

मंगळवार गेला. काय न्हाय. दुकानात जायची सोय न्हाय, कारण आमच्या दुकानात चुंबकाशिवाय दुसरं हाय काय? बसवंना, निजवंना. सोप्यातनं परसात, परसातनं सोप्यात फेऱ्या मारायलोय. पपई खाल्ली, केळी खाल्ली, कोमट पाणी ढोसलं. जागच्या जागी उड्या मारल्या.

"उड्या मारू नका," शोभा म्हणाली. "आधीच अंगात रक्त न्हाय."

"अगं, अडकली असंल तर?"

त्यावर तिनं भाजी निवडायला घेतली आणि देठं पातेल्यात, पानं कचऱ्यात टाकायला लागली. मी हळूच ती देठं पातेल्यातनं काढली. तिला सांगितलं न्हाय, पण माझ्याबी डोक्यात वडलांचाच चेहरा फिरत होता.

मी संडासातनं बाहेर आलो की शोभा सैपाकघरातनं वरडायची, "आली का?"

मी वरडायचो, "अजून न्हाय!"

तासातासाला ह्योच कार्यक्रम. आता आमच्या आणि शेजारच्या अक्काताईंच्या घरात एकच भिंत. अक्काताईंना सगळं ऐकू जातं. जे ऐकू जात न्हाय ते त्या स्वतः जुळवून घेत्यात.

बुधवारी सकाळी हॉस्पिटलातनं मॅडमचा फोन.

"काका, तुम्ही अजून आणून दिलं नाही?"

"मॅडम, कसं आणू? अजून बाहेर पडलं न्हाय!"

"म्हणजे अजून घरातच का? तब्येत बरी आहे ना?"

"तब्येत बरी हाय, पण जीव नुसता वरखाली व्हायलाय."

"अशक्तपणा असेल. घाई करू नका, जोर करू नका. बाहेर पडल्यावर तेवढं लगेच आणून द्या. डॉक्टर वाट बघतायत."

आता तुम्हीच सांगा, ह्यात माझं काय चुकलं? डॉक्टरांसारखा मोठा माणूस वाट बघतोय, आणि मी हितं बसून! मी आणखी एक पपई कापली.

तिकडं अक्काताईंनी दोन दिवसांचा हिशेब जुळवला होता. आमची पोरगी राणी मलकापूरला दिलेली. अक्काताईंनी तिला फोन लावला. "अगं, तुझा बाबा दोन दिवस नुसता 'आली का, आली का' करत दारातनं आत, आतनं दारात पळतोय. जेवण सोडून पपई खातोय. ये की बाई एकदा!"

झालं! राणीला आम्ही काळजी नको म्हणून काय सांगितलंच न्हवतं. तिनं गुरुवारची पहिली एसटी धरली.

गुरुवारी सकाळी मी आत. पुढचा तपशील सांगत न्हाय, तुमच्या हातात बिस्कीट हाय. एवढंच सांगतो की शोभाची जुनी चाळण त्या दिवसापासनं घरात कुणाला दिसली न्हाय. आणि अचानक, दिसली की वो! कॅप्सूल! मी आतनं बोंब ठोकली, "आली! आली!"

त्याच टायमाला राणीनं पुढच्या दारात पाय ठेवला.

ती बिचारी रडायलाच लागली. "बाबा, मी दारात पाय ठेवायच्या आत तुम्हाला कळलं?"

भिंतीपलीकडनं अक्काताईंचा आवाज आला, "बापाचं काळीज असतंय ते!"

मी बाहेर आलो. एका हातात चाळण, तोंडावर हसू. राणी गळ्यात पडायला पुढं आली, आणि शोभानं तिला मधेच धरलं. "थांब! आधी हात धुवू दे त्यास्नी!"

सगळं ऐकल्यावर राणी पहिल्यांदा चिडली, मग घाबरली, मग हसता हसता खाली बसली. मी मात्र कामाला लागलो. कॅप्सूल साबणानं धुतली, जंतुनाशकात बुडवली, पुसून लखलखीत केली. आता ठेवायची कशात? शोभानं स्वतःच्या कानातल्याची सराफाची डबी काढली, लाल मखमलीची. त्यात कापूस, कापसावर कॅप्सूल. तिचा दिवा विझलेला बघून मी ती दोनदा कानाशी हलवली. फोटो गेले असले तर?

रिक्षा करून मी आणि शोभा हॉस्पिटलात. हॉल माणसांनी भरलेला. मॅडम काउंटरला उभ्या होत्या. मी दोन्ही हातांनी डबी पुढं केली.

"मॅडम, तुमची अमानत."

हॉलमधली सगळी तोंडं वळली. लाल मखमल बघून एक म्हातारा तर माझ्या बायकोकडं दयेनं बघायला लागला.

"अय्या, काका, हे कशाला?" मॅडम लाजल्या. "आम्ही पेशंटकडून काही घेत नाही हो."

"घ्या की! लई कष्टानं काढलीया."

मॅडमनी डबी उघडली. क्षणभर काय कळलं न्हाय त्यांना. मग कळलं. अशी किंकाळी मारली की डबी हवेत, कापूस हवेत, आणि कॅप्सूल टणटणत त्या म्हाताऱ्याच्या चपलेजवळ!

"उचलू नका! आजोबा, उचलू नका!" मॅडम वरडल्या.

आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आले. "काय झालं?"

"सर, काकांनी… काकांनी कॅप्सूल आणलीय."

"कॅप्सूल? कशाला?"

"तुमचेच फोटो हायत की तिच्यात!" मी म्हटलं.

डॉक्टर माझ्याकडं बघतच राहिले. "अहो, ती कॅप्सूल फेकून द्यायची असते. ती नुसती फोटो काढते आणि पट्ट्यातल्या यंत्राकडं पाठवते. फोटो त्या यंत्रात. ते यंत्र कुठाय?"

मी शोभाकडं बघितलं. शोभानं माझ्याकडं बघितलं.

"चार्जर?" शोभा हळूच म्हणाली.

"पण मॅडम," मी शेवटचा हात मारला, "तुम्हीच फोनवर म्हणाला, बाहेर पडल्यावर आणून द्या!"

"तुम्ही, काका! तुम्ही घराबाहेर पडल्यावर!"

अख्खा हॉल हसायला लागला. तीन दिवस माझ्या पोटाचे सगळे फोटो माझ्याच कपाटाच्या खुंटीला लोंबकळत होते, आणि मी पपया खात होतो!

राणीला फोन केला, ती यंत्र घेऊन आली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला बोलावलं. शोभानं टेबलाखाली माझा हात घट्ट धरला होता.

"घाबरण्यासारखं नाही," डॉक्टर म्हणाले. "आतड्यात बारीक बारीक जखमा आहेत. तुम्ही दुखण्याच्या गोळ्या खाता का?"

आता काय लपवणार? गुडघा दुखतोय म्हणून वर्षभर मेडिकलातनं परस्पर घेऊन खात होतो, आणि विचारलं की न्हाय म्हणत होतो.

"त्या बंद करा. जखमा भरतील, रक्तही वाढेल."

शोभानं माझा हात सोडला, पदरानं डोळे पुसले आणि माझ्या दंडावर असा चिमटा काढला की मी खुर्चीतनं उठलोच. "वर्षभर खोटं बोलत होतायसा व्हय?" भांडण परत सुरू! काय बरं वाटलं म्हणून सांगू!

डॉक्टर हसले. "एक गंमत बघा. कॅप्सूल डबीतनं काढली की लगेच फोटो सुरू होतात. हा तुमचा पहिला फोटो, गिळायच्या आधीचा."

त्यांनी स्क्रीन आमच्याकडं फिरवली. स्क्रीनभर माझं तोंड! हात जोडलेले, डोळे गच्च मिटलेले, नाक फुगलेलं आणि आ असा वासलेला की आत एसटी वळून यावी.

शोभा पुढं वाकली. नीट बघितलं.

"डॉक्टर," ती म्हणाली, "पोटाचं तुम्ही सांगितलं. पण खरं दुखणं तर पहिल्याच फोटोत दिसतंय की. ह्याला काय गोळी हाय का बघा."