काचेपलीकडची मुलाखत

माझ्या पत्नीच्या धाकट्या भावाला नाव आहे, परंतु त्याच्या लग्नपत्रिकेनंतर ते कोणी फारसे वापरलेले नाही. सगळे त्याला जॉबर म्हणतात. कापड गिरणीत मागांची देखभाल करणारा, अडलेला माग पुन्हा चालता करणारा जो कारागीर, तो जॉबर. मिसरूड फुटायच्या वयात तो एका गिरणीत शिरला आणि गिरणीला कुलूप लागले त्या दिवशी बाहेर पडला. मधल्या काळात त्याने मागांना पुष्कळ काही दिले. सर्वांत शेवटी कान दिले.

मागांच्या शेडमधला खडखडाट ज्याने ऐकलेला नाही, त्याला तो शब्दांनी समजावणे अवघड आहे. शेजाऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले तरी काही पोचत नाही. म्हणून तिथली माणसे आवाज काढण्याच्या भानगडीत पडत नाहीत. नुसते ओठ हलवतात, आणि चार माग पलीकडचा माणूस ते वाचून हसतो, चिडतो, उलट टोला देतो. ही विद्या जॉबरच्या इतकी अंगवळणी पडली होती, की त्याला ऐकू कमी येऊ लागले आहे हे घरात कित्येक दिवस कोणाच्या ध्यानातच आले नाही. समोरून बोलावे, उत्तर चोख मिळे. पाठीमागून हाक मारली आणि तो वळला नाही, तर त्याची बायको म्हणे, "यांना घरचं ऐकायची सवयच नाही!" आणि आम्ही हसत असू.

गिरणी बंद झाल्यावर तो एका ठिकाणी मुलाखतीला गेला. तेथे त्याने खुर्चीत बसता बसताच सांगून टाकले, की मला कमी ऐकू येते, जरा समोर बघून बोला. त्यांनी अत्यंत सौजन्याने समोर बघून बोलून घेतले आणि कळवतो म्हणाले. कळवले नाही. तेव्हापासून त्याच्या बायकोने कानाचा विषय घरात बंद केला. "हरिश्चंद्राचा अवतार पुरे झाला," ती म्हणाली. "आता तोंड मिटून नोकरी मिळवायची."

त्यानंतर एका नव्या गिरणीचे बोलावणे आले. जागा मागखात्यातील पर्यवेक्षकाची होती आणि वयाची अट पन्नाशीची. जॉबर त्या उंबरठ्यावरच उभा होता. ही संधी हुकली असती, तर पुढे कोणत्याच गिरणीने त्याचा अर्ज उघडूनही पाहिला नसता. मी नोकरीत असताना निवड समित्यांवर काम केले होते. साहजिकच त्याची तयारी करून घेण्याचे काम माझ्याकडे आले.

आमच्या जेवणाच्या टेबलाची एक बाजू रिकामी करून तिथे समिती बसवली. मधोमध मी, उजवीकडे माझी पत्नी, डावीकडे त्याची बायको. समोर जॉबर, इस्त्रीच्या सदऱ्यात. सरावालाही सदरा इस्त्रीचाच हवा, असा माझा आग्रह होता. प्रमाणपत्रे कोणत्या क्रमाने लावावीत, मागितल्याशिवाय ती पुढे करू नयेत, खुर्ची ओढताना ती फरफटू नये, हे सर्व मी त्याला नीट समजावले. त्याने ते आज्ञाधारकपणे मान्य केले. अडचण निराळीच होती.

"आपल्या कामाचं स्वरूप सांगा," मी म्हणालो.

"मागांची देखभाल!" जॉबर गरजला. टेबलावरचा पेला थरथरल्याचा मला भास झाला.

"अरे, हळू!" माझी पत्नी म्हणाली. "शेजारी येतील विचारायला."

"हळूच बोललो की, ताई."

"हे हळू? मग तुझं मोठ्यानं कसं असतं रे?"

स्वतःचाच आवाज त्याला नीट ऐकू येत नव्हता. तो किती चढला आहे हे त्याला कळावे तरी कसे? त्याच्या बायकोने यावर तोड काढली. आवाज वर गेला की ती तळवा खाली दाबल्यासारखा हात करी. तो खुणेसरशी आवाज उतरवी. पुन्हा चढला की पुन्हा हात. होता होता तो तिच्या हाताकडे न पाहताही मवाळ बोलू लागला.

"बघा वन्सं," ती माझ्या पत्नीला म्हणाली, "लग्नाला इतकी वर्षं झाली, आज पहिल्यांदा माझ्या हातात आले."

ती मधेच मुद्दाम तोंडावर पदर धरून प्रश्न विचारी. तो गोंधळला की म्हणे, "फसलात! असं झालं तर काय म्हणायचं?"

"माफ करा, प्रश्न पुन्हा सांगाल का?"

"आणि दुसऱ्यांदा नाही कळला तर?"

यावर जॉबर माझ्याकडे पाही. कमी ऐकू येत असल्याचे तिथे सांगावे, असे माझे मत होते. परंतु ते मी एकदाच मांडले. त्यावर त्याची बायको म्हणाली, "भावोजी, तत्त्व तुमचं आणि रिकामं घर माझं." मी पुन्हा तो विषय काढला नाही. एक गोष्ट मात्र झाली. रोजच्या सरावाने त्याचे ओठ वाचण्याची थोडीबहुत सवय मलाही लागली.

मुलाखतीच्या दिवशी मी त्याच्यासोबत गेलो. आम्ही वेळेच्या बऱ्याच आधी पोचलो. लांबट ओसरीसारखी जागा होती, भिंतीशी बाके, त्यांवर इतर उमेदवार. मुलाखतीची खोली काचेच्या भिंतीने वेगळी केलेली. काचेतून आतले सारे दिसे, ऐकू मात्र काही येत नसे. जॉबरने एकदा आत डोकावून पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला.

"भावोजी, खिडकी."

समितीच्या पाठीशी मोठी खिडकी होती आणि तिच्यातून लख्ख ऊन आत येत होते. तिघेजण त्या उजेडाच्या पुढे नुसत्या काळ्या आकृत्यांसारखे बसले होते. शिवाय मधल्या गृहस्थांना दाढीमिशा अशा, की ओठ कुठे सुरू होतात ते दिवसाउजेडीही कळू नये.

"आता?" त्याने विचारले. तेवढ्यात त्याला आत बोलावले.

मी काचेपाशी उभा राहिलो. तो नीट बसला, खुर्ची फरफटली नाही. दाढीवाले काही बोलले. जॉबरने क्षणभर अंदाज घेतला आणि त्याचे ओठ हलू लागले. मी बाजूने ते वाचत होतो. कामाचे स्वरूप, गिरणीचा अनुभव, हाताखालची माणसे. सारे क्रमाने, एकही शब्द न गाळता. मला मनापासून बरे वाटले.

परंतु समितीची लक्षणे ठीक दिसेनात. कडेच्या बाई पुढे झुकल्या. दुसऱ्या कडेला बसलेल्या वयस्कर अभियंत्याने शेजाऱ्याकडे पाहिले. दाढीवाल्यांनी हातातले पेन खाली ठेवले. मग बाईंनी तळहाताचा द्रोण करून कानामागे धरला, आणि माझ्या ध्यानात आले. जॉबरच्या तोंडून आवाजच निघत नव्हता! आम्ही त्याला हळू, हळू म्हणता म्हणता इतके खाली आणले होते, की भीतीच्या एका धक्क्याने तो थेट आपल्या शेडमध्ये जाऊन पोचला होता. नुसते ओठ हलत होते.

मी दोन्ही तळवे वर उचलून त्याला खुणा करू लागलो. त्याची नजर समितीवर खिळलेली.

"काका, खाली बसा," दाराशी बसलेला शिपाई म्हणाला. "आतल्यांना त्रास होतो."

"आमच्या माणसाचा आवाज येत नाहीये," मी म्हणालो.

"काच आहे ना मधे!"

एका उमेदवाराने हसू दाबले. दार माझ्या हाताच्या अंतरावर होते. उघडून सांगितले असते, तर उमेदवाराला सोबत मदतनीस लागतो अशी नोंद झाली असती. न सांगावे, तर दोन मिनिटांत त्याला वेडसर ठरवून बाहेर पाठवले असते. मी दाराच्या मुठीवर हात ठेवून उभा राहिलो, आणि आत जॉबर खुर्चीतून उठला.

तो निघाला, असेच मला वाटले. त्याने बाईंच्या कानामागच्या हाताकडे एकदा नीट पाहिले, मग खिडकीकडे बोट केले. पुढचे वाचावे लागले नाही. ते काचेतून आरपार, ओसरीच्या टोकापर्यंत ऐकू आले.

"मला ऐकू येत नाही! तुमची तोंडं अंधारात आहेत! तो पडदा ओढा, मग काय ते विचारा!"

शिपाई उभा राहिला. आत कोणीच हलेना. शेवटी वयस्कर अभियंता उठला, त्याने पडदा ओढला, आणि आपली खुर्ची उचलून जॉबरच्या समोर, जवळ आणून ठेवली. मग पुष्कळ वेळ प्रश्नोत्तरे झाली. उत्तरे बाहेर सगळ्यांना ऐकू येत होती. एका प्रश्नाला त्याने नुसतेच "नाही. आगीचा भोंगा वाजला तर मला नाही कळणार," असे उत्तर दिले. तिथे सारे आटोपले, असे मी समजलो.

तो बाहेर येऊन शेजारी बसला. सदरा पाठीला चिकटला होता. काही वेळाने आतून कारकून आला आणि मला म्हणाला, "यांच्याबरोबर तुम्हीच ना? त्यांना सांगा, की..."

"मला सांगा," जॉबर म्हणाला. "इकडे बघून."

कारकून ओशाळला आणि त्याच्याकडे वळला. पर्यवेक्षकाची जागा देता येणार नाही, शेडमध्ये भोंगा ऐकू येणे सक्तीचे आहे. मागदुरुस्तीच्या कार्यशाळेत घेण्यास समिती तयार आहे. हुद्दा एक पायरी खालचा. मान्य असल्यास कानाची तपासणी करून सोमवारी हजर व्हावे. जॉबरने एक पायरी खालचा, हे शब्द पुन्हा सांगायला लावले. मला वाटते, ते त्याला पहिल्याच वेळी कळले होते. नंतर त्याने मान हलवली.

रस्त्यावर आल्यावर मी त्याच्या घरी फोन लावला.

"सांगितलं ना त्यांनी तिथे?" त्याच्या बायकोने पहिला प्रश्न केला. "खरं सांगा भावोजी. सांगितलंच असणार."

"सांगितलं," मी म्हणालो. "सोमवारपासून कामावर यायचं आहे. दुरुस्तीच्या कार्यशाळेत, हुद्दा जरा खालचा."

मग ती म्हणाली, "फोन त्यांच्याकडे द्या."

"अगं, त्याला फोनवर ऐकू येणार नाही."

"मला ठाऊक आहे. द्या तुम्ही."

मी फोन दिला. जॉबरने तो कानाला लावला. भर रस्त्यात, शेजारून वाहने जात असताना, तो कितीतरी वेळ तसाच उभा होता आणि मधूनमधून "हो, हो," म्हणत होता.